कै. गोपाळ गणेश आगरकर : व्याधी, व्रत आणि संसार

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांचे ग्रंथ, त्यांची लोककार्ये आणि त्यांचे वादविवाद यांचीच बहुधा नोंद केली जाते. हे सारे कार्य ते कोणत्या प्रकृतीने करीत होते, आणि त्या प्रकृतीची जपणूक घरात कोण करीत होते, या प्रश्नाकडे चरित्रकाराचे आणि वाचकाचेही लक्ष सहसा जात नाही. सुधारक-संपादक, फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल, मराठी गद्याचे एक शिल्पकार या नात्यांनी कै. गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा पुरुष दम्याने जर्जर झालेला होता, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याच्या आत तो हे जग सोडून गेला आणि त्याच्यामागे एक तरुण पत्नी व तिची मुले राहिली, हे किती जणांच्या ध्यानात असते? प्रस्तुत लेखात आगरकरांचे चरित्र या बाजूने सांगण्याचा हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आगरकर आपल्या ज्ञातीत जन्मास आले म्हणून या वार्षिक स्मरणिकेत त्यांचे चरित्र छापणे आपणास भूषणावह वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि आगरकरांनी आपल्या लेखणीचे सर्वांत कठोर फटकारे ज्यांस दिले ते त्यांचे स्वजनच होते. केवळ जन्माने आलेल्या मोठेपणाची त्यांना चीड होती. तेव्हा त्यांचे स्मरण करावयाचे असेल तर नुसता अभिमान वाहून भागणार नाही. त्यांच्या घरापासून आपल्या घरांनी काही घ्यावे, तरच ते स्मरण त्यांस शोभेल.

जन्म व विद्यार्थिदशा

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या कृष्णाकाठच्या गावी झाला. आज टेंभू हे नाव तेथील उपसा सिंचन योजनेमुळे दुष्काळी भागातील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. त्या काळी ते एक लहानसे खेडे होते. पिता गणेशपंत आणि माता सरस्वतीबाई यांची स्थिती अत्यंत बेताची असल्याने मुलाचे शिक्षण कऱ्हाडास आजोळी झाले. इंग्रजी तीन इयत्तांनंतर कऱ्हाडात पुढे शिकण्याची सोय नव्हती. शिक्षणाची तहान मात्र भागलेली नव्हती. काही काळ त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, काही काळ दवाखान्यात कंपाउंडरकी केली. शिक्षणाची सोय लागेल या आशेने ते कऱ्हाडाहून रत्नागिरीपर्यंत पायी गेले. सह्याद्रीचा घाट उतरून केलेली ती पायपीट व्यर्थ ठरली आणि त्यांस परत यावे लागले. अखेर वऱ्हाडात अकोल्यास नातलगांच्या आश्रयाने त्यांची सोय लागली. तेथील शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान व सहृदय गुरू त्यांस लाभले, आणि १८७५ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी दारिद्र्याशी जो झगडा केला त्याची कथा महाराष्ट्रातील शाळाशाळांतून सांगितली जाते. अंगात घालावयास एकच सदरा. तो रात्री धुऊन वाळत टाकावयाचा आणि सकाळी पुन्हा तोच चढवावयाचा. परीक्षेच्या शुल्काची अडचण पडली तेव्हा एखादे नाटक लिहून पैसे उभे करण्याचा त्यांचा विचार होता. ही गोष्ट प्रा. केरूनाना छत्रे यांच्या कानी जाताच त्यांनी साहाय्य केले. ही कथा ऐकून विद्यार्थ्यांस स्फूर्ती येते, ते योग्यच आहे. परंतु तीस दुसरीही एक बाजू आहे. वाढत्या वयातील अर्धपोटी दिवस, अपुरे वस्त्र, ओल्या सदऱ्याची थंडी आणि रात्रीची जागरणे यांचा हिशेब शरीर कोठे तरी मांडून ठेवीत असते. डेक्कन कॉलेजातील त्यांचे मित्र बाळ गंगाधर टिळक यांनी कॉलेजातील आपले पहिले वर्ष व्यायाम करून शरीर कमावण्यात घालविले, हे प्रसिद्ध आहे. आगरकरांस ती चैन परवडण्याजोगी नव्हती. त्यांची सारी शक्ती पुस्तके आणि पोट यांची तोंडमिळवणी करण्यातच खर्च होत होती.

मातेस पाठविलेले पत्र

१८७९ साली आगरकर व टिळक हे डेक्कन कॉलेजात पुढील परीक्षांचा अभ्यास करीत असता देशस्थितीविषयी त्यांचे रात्ररात्र संभाषण चाले. सरकारी नोकरी न पत्करता लोकशिक्षणास वाहून घ्यावयाचे, असा त्यांचा निश्चय त्याच काळात झाला. एम. ए. झालेल्या तरुणास त्या वेळी मोठ्या पगाराची जागा सहज मिळत असे. टेंभूच्या त्या गरीब मातेने आपल्या मुलाच्या पदवीवर कोणती आशा बांधली असेल, हे सांगावयास नको. कर्ज फिटेल, घर सावरेल, उतारवयात दोन घास सुखाचे मिळतील, एवढीच ती आशा. आगरकरांनी आईस पत्र लिहून कळविले की, मुलाच्या मोठ्या पगाराची स्वप्ने तिने पाहू नयेत. पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून आपण सर्व आयुष्य लोकहितासाठी घालविणार आहोत. मराठी माणसाच्या सार्वजनिक जीवनात या पत्राला अढळ स्थान मिळाले आहे.

त्यागाचे हे पत्र आपण मुलाच्या बाजूने अनेकदा वाचले आहे; ज्या घरात ते पोचले त्या घराच्या बाजूनेही ते एकदा वाचून पाहावे. एकाने व्रत घेतले की त्याचे उपवास घरातील सर्वांना घडतात. आगरकरांच्या व्रताचे जे झाले, तेच पुढे त्यांच्या व्याधीचेही झाले.

दम्याची व्याधी

दमा हा तसा पाहता जुनाच रोग आहे. आपल्या वैद्यकात तमक श्वास या नावाने त्याचे वर्णन आहे. या रोगात श्वासनलिकांचे आतले अस्तर सुजते, त्यांभोवतालचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ वाट अडवितो. रोग्याची खरी कुचंबणा श्वास आत घेताना होते त्याहून अधिक तो बाहेर टाकताना होते. छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागतो, आडवे होणे अशक्य होते. पहाटेच्या सुमारास वेग वाढतो आणि रोगी गुडघ्यांवर किंवा समोरच्या उशीवर हात टेकून, मान पुढे काढून सारी रात्र बसून काढतो. धूर, धूळ, दमट हवा, सर्दी-पडसे, अतिश्रम आणि मनाचा क्षोभ हे सारे या रोगाचे मित्र होत. उजाडल्यावर वेग ओसरतो आणि तोच मनुष्य चार माणसांत जाऊन काम करू लागतो, तेव्हा त्याने रात्र कशी काढली याची बाहेर कोणास कल्पना येत नाही. ती कल्पना असते फक्त घरातील माणसांना.

आगरकरांच्या काळी या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. अडुळशाचा काढा, ज्येष्ठमध, छाती शेकणे, गरम पाण्याचे घोट हे घरगुती उपचार होते. धोतऱ्याची वाळलेली पाने जाळून त्यांचा धूर ओढण्याची एक रीत होती. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातूनच युरोपात गेली आणि तेथील डॉक्टरही ती सांगू लागले. अड्रेनलिनचे टोचणे विसाव्या शतकाच्या आरंभी निघाले, म्हणजे आगरकरांच्या निधनानंतर. एम. ए. झालेला, मिल्ल व स्पेन्सर वाचणारा हा प्रोफेसर आपल्या श्वासाच्या बाबतीत एखाद्या खेड्यातील निरक्षर रोग्याइतकाच निराधार होता. शास्त्राचे गोडवे त्याने जन्मभर गाइले, पण शास्त्र त्याच्या उशाशी वेळेवर पोचले नाही.

लेखणी, तुरुंग आणि वर्ग

विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम. ए. झाल्यावर १८८१ साली आगरकर त्या शाळेत येऊन मिळाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत मराठा व केसरी ही पत्रे निघाली आणि केसरीच्या संपादकत्वाची धुरा आगरकरांकडे आली. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यासंबंधीच्या मजकुरावरून पत्रांवर बदनामीचा खटला झाला आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले. ते दिवस मुंबईच्या पावसाळ्याचे होते. आधीच नाजूक असलेल्या छातीला दमट हवेतील कोंडवासाइतके वाईट दुसरे काय असेल? पण तेथेही हा पुरुष स्वस्थ बसला नाही. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाच्या भाषांतराचे काम त्याने तेथे केले आणि १८८३ साली ते विकारविलसित या नावाने प्रसिद्ध झाले. तुरुंगातील अनुभवांवरचे त्यांचे पुस्तकही सर्वश्रुत आहे.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली व १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. आजीव सभासदांचे वेतन दरमहा ७५ रुपयांच्या घरात होते. तेवढ्यात घर, मुले, आलेगेले आणि आजारपण एवढे सारे भागवावयाचे होते. १८८८ साली आगरकरांचे वाक्यमीमांसा हे व्याकरणविषयक पुस्तक प्रसिद्ध झाले. मी स्वतः पुष्कळ वर्षे शाळेत मराठी वाक्यपृथक्करण शिकविले. कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची फोड करताना या विषयाची पायवाट मराठीत कोणी पाडली, हे वर्गाला सांगण्याची संधी मी सहसा दवडीत नसे.

शिक्षकाचा धंदा हा श्वासाचा धंदा आहे, ही गोष्ट तो धंदा केलेल्यांनाच उमगते. दिवसातून चार-पाच तास उंच स्वरात बोलावयाचे, खडूची धूळ नाकातोंडात घ्यावयाची आणि शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत शब्द पोचवावयाचा. निरोगी मनुष्यही सायंकाळी गळून जातो. रात्र बसून काढलेला दमेकरी सकाळी कॉलेजात जाऊन तत्त्वज्ञान व इतिहास शिकवितो, दुपारी संस्थेची कामे पाहतो आणि पुन्हा रात्री लेख लिहावयास बसतो, हे ज्यास समजले त्यास आगरकरांच्या लेखांतील एकेका वाक्याची किंमत कळेल. त्यांची वाक्ये लांब असतात, त्यांत एकामागून एक कारणे येतात आणि शेवटी सिद्धान्त येतो. दीर्घ श्वासाची ही लेखनशैली ज्याला साधा श्वास पुरत नव्हता अशा पुरुषाची आहे, हे लक्षात आले म्हणजे मन थक्क होते.

यशोदाबाई

आगरकरांचा विवाह विद्यार्थिदशेतच झाला होता. पत्नी यशोदाबाई या जुन्या वळणाच्या, देवधर्म व व्रतवैकल्ये श्रद्धेने करणाऱ्या गृहिणी होत्या. पती बुद्धिवादी, त्यांस कर्मकांड मान्य नव्हते. अशा जोडप्याचा संसार कसा झाला असेल असा प्रश्न कोणासही पडेल. आगरकरांनी आपले मत पत्नीवर लादले नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचे जे तत्त्व ते पत्रातून सांगत, तेच त्यांनी स्वयंपाकघरात व देवघरातही पाळले. यशोदाबाईंनीही आपले देव सोडले नाहीत आणि नवऱ्यालाही सोडले नाही. पुढे उतारवयात त्यांनी आपल्या पतीच्या ज्या आठवणी सांगितल्या त्यांतून हा संसार महाराष्ट्रास पाहावयास मिळाला.

रोग्याची कहाणी सांगताना त्याच्या उशाशी बसणाऱ्याची कहाणी सांगावीच लागते. दमेकऱ्याच्या घरी गृहिणीची झोप म्हणजे सावध झोप. खोकल्याचा सूर बदलला की तिने उठावे, पाणी तापवावे, पाठीशी लोड लावावा, पाठ चोळावी. मुलांनी आवाज करू नये म्हणून त्यांस दटवावे आणि ती भ्यालेली पाहून पुन्हा जवळही घ्यावे. चूल पेटवावी तर धुराची भीती, न पेटवावी तर काढा कसा व्हावा? सकाळी पती पुन्हा कामास जातो; तिचे काम तर पहाटेपासून चालूच असते. ज्या ज्या घरी हा रोग आहे त्या त्या घरी हे असेच चालते, आणि आगरकरांच्या घरी ते निराळे असण्याचे काहीच कारण नव्हते. आपण ज्यास आगरकरांचे लेखन म्हणतो त्यामागे या माउलीची जागरणे आहेत.

व्याधीच्या जोडीस लोकक्षोभ होता. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या वादात टिळकांशी मतभेद वाढले आणि १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला. १८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी सुधारक हे पत्र काढले. त्याच्या इंग्रजी भागास गोपाळ कृष्ण गोखले यांचे साहाय्य होते. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण, अस्पृश्यता, सोवळे-ओवळे या विषयांवर सुधारकाने जे लिहिले त्याने पुणे शहर खवळून उठले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी तर क्षोभास सीमा राहिली नाही. विरोधकांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. आगरकरांचा निर्धार त्याने ढळला नाही, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ज्या पत्नीचा पती खरोखरच रात्री श्वासासाठी तळमळत असे, तिच्या मनावर त्या तिरडीचा कोणता आघात झाला असेल? सुधारकाच्या घरातील माणसांना समाज जो दंड करतो त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आगरकरांनी विधवांच्या दुःस्थितीवर जेवढ्या पोटतिडिकेने लिहिले तेवढे क्वचितच कोणी लिहिले असेल. पती वारला म्हणून स्त्रीचे केस काढावे, तिला कोपऱ्यात बसवावे, शुभकार्यातून वगळावे, हे त्यांस रानटीपणाचे वाटे. हा प्रश्न त्यांस न्यायबुद्धीने तर दिसत होताच. परंतु आपले आयुष्य तोकडे आहे हे जाणणाऱ्या पुरुषास तो आपल्या स्वतःच्या ओसरीवरही उभा दिसला असला पाहिजे. उद्या आपल्या घरावर हा प्रसंग आला तर आपल्या मागे राहणाऱ्या स्त्रीस हा समाज कसा वागवील? सुधारकातील ते लेख या दृष्टीने पुन्हा वाचले असता त्यांतील घाई, त्यांतील तळमळ आणि क्वचित् येणारा कडवटपणा यांचा उलगडा होतो. ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे त्याला हळूहळू होईल असे म्हणण्याची सवड नसते.

अखेरची वर्षे

१८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. १८९२ च्या ऑगस्टमध्ये प्रिन्सिपॉल वामन शिवराम आपटे वारले आणि फर्ग्युसन कॉलेजच्या प्रिन्सिपॉलपदाचा भार आगरकरांवर आला. एकीकडे कॉलेज, दुसरीकडे सुधारक आणि तिसरीकडे दिवसेंदिवस बळावत जाणारा दमा, असा हा तिहेरी भार त्यांनी जवळजवळ तीन वर्षे वाहिला. प्रकृतीचे कारण सांगून त्यांनी लेखणी खाली ठेवली असती तर कोणीही त्यांस नाव ठेवले नसते.

अखेर १७ जून १८९५ रोजी, पावसाळ्याच्या तोंडाशी, पुण्यास त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली. तीत आपल्या दहनासाठी लागणारे पैसे त्यांनी आधीच बांधून ठेवले होते. या पुडीची गोष्ट निःस्पृहतेचा दाखला म्हणून आपण सांगत आलो आहोत. मला तिच्यात आणखीही काही दिसते. आपल्या आजाराने घरास आजवर किती ओढाताण सोसावी लागली हे त्या रोग्यास पुरते ठाऊक होते, आणि निदान शेवटच्या दिवशी तरी पत्नीस कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढी सोय त्याने करून ठेवली. ज्याला घरासाठी द्रव्य मिळविता आले नाही, त्याने जाताना घरासाठी केलेली ही अखेरची तरतूद होय.

केसरीत आगरकरांवरील मृत्युलेख टिळकांनी लिहिला. डेक्कन कॉलेजातील रात्री आणि डोंगरीच्या तुरुंगातील दिवस ज्याच्याबरोबर काढले, आणि पुढे ज्याच्याशी इतकी वर्षे वाद घातला, तो मित्र गेल्यावर टिळकांचे अंतःकरण भरून आले होते. मतभेद मोठे होते, पण दोघांनी मिळून घेतलेले व्रत त्याहून जुने होते.

आपल्या घरांसाठी

आगरकर गेल्यानंतर वैद्यकशास्त्राने मोठी मजल मारली. १९५६ साली दाबाने औषधाचा फवारा सोडणारा पंप निघाला, १९६९ साली साल्ब्युटामॉल बाजारात आले आणि १९७२ च्या सुमारास श्वासनलिकांची सूज उतरविणारे, श्वासावाटे घ्यावयाचे औषध उपलब्ध झाले. रोग समूळ जात नाही हे खरे. परंतु नियमाने औषध घेणारा बहुतेक रोगी आज रात्री आडवा होऊन झोपू शकतो, नोकरी करू शकतो, मुलांना खांद्यावर घेऊन चालू शकतो. आगरकरांना यातील एकही गोष्ट लाभली नाही. आपल्याला ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. असे असूनही आपल्या घरांतून काय चालते?

पंपाची सवय लागते, असे म्हणून तो टाळणारी माणसे आपणांत पुष्कळ आहेत. वस्तुतः पंपातून जाणारे औषध थेट श्वासनलिकांत पोचत असल्याने ते अत्यल्प प्रमाणात पुरते. बरे वाटू लागताच डॉक्टरांस न विचारता औषध बंद करणारे त्याहूनही अधिक आहेत. मृगाच्या सुमारास औषधाचा जिवंत मासा गिळण्यासाठी हैदराबादेस रांगा लावणाऱ्यांत सुशिक्षितही असतात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा; पण त्या भरवशावर रोजचे औषध थांबविणे हा आत्मघात होय. यशोदाबाईंच्या देवघरास आगरकरांनी हात लावला नाही, आणि तसा आपणही कोणाच्या लावू नये. मात्र देवघर आणि दवाखाना यांची कामे निरनिराळी आहेत, एवढे आपण समजून घ्यावे.

दुसरी गोष्ट विवाहाची. वधूवरसूचक यादीत उंची, शिक्षण, पगार, पत्रिका सारे दिले जाते. दम्याचा उल्लेख मात्र दोन्ही पक्ष चोरून ठेवतात. विशेषतः मुलीस दमा असला तर पंप लपवून तिला सासरी धाडतात आणि पहिल्याच पावसाळ्यात तिचे हाल होतात. हा रोग संसर्गजन्य नव्हे, आणि तो असणे यात लाजिरवाणे काहीच नाही. लपविण्यात मात्र अन्याय आहे. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वधूवर मेळाव्यांतून ही गोष्ट मोकळेपणाने बोलली जाईल तर अनेक लेकींचे प्राण सुखी होतील.

तिसरी गोष्ट शाळेची. माझ्या अध्यापनाच्या काळात खेळाच्या तासाला कडेला बसून राहणारी मुले मी पाहिली. त्यांस आळशी म्हणून इतर मुले हिणवीत आणि कधीकधी शिक्षकही. अशा मुलास दमा आहे काय हे आधी पाहावे. योग्य औषध मिळाले तर तेच मूल पुढच्या वर्षी मैदानात उतरते, हाही अनुभव मला आला आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट उशाशी बसणाऱ्याची. घरात दीर्घ श्वासरोगाचा रोगी असला म्हणजे एका स्त्रीचे आयुष्य त्या खाटेस बांधले जाते. कधी ती पत्नी असते, कधी सून, कधी अविवाहित राहिलेली लेक. आणि ज्या स्त्रिया वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक करीत आल्या त्यांची स्वतःची फुप्फुसेही, विडीस कधी न शिवता, उतारवयात निकामी होताना आपण पाहतो. मग तिच्या उशाशी कोण बसते? घरातील पुरुषांनी व मुलांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, शेजाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस तिला मोकळीक द्यावी, ज्ञातिसंस्थेने गरजू घरांसाठी वाफारा देण्याचे व प्राणवायूचे यंत्र ठेवावे आणि ते जातपात न पाहता शेजारच्या कोणत्याही घरास द्यावे. अशा कार्यास आगरकरांचे नाव दिले तर ते त्या नावास साजेसे होईल.

आगरकरांचे चरित्र त्याग व विचार यांसाठी वाचले जाते आणि पुढेही वाचले जाईल. त्या चरित्रात एक खोकणारी रात्र आहे आणि त्या रात्री जागी राहिलेली एक स्त्री आहे, हे वाचकांनी विसरू नये. सुधारणेचा आरंभ स्वतःच्या घरापासून करावा हा आगरकरांचा उपदेश होता. आज रात्री आपल्या घरात कोणी श्वासासाठी उठून बसले, तर त्याच्या पाठीवर हात ठेवावयास आपण उठावे आणि रोज उठणाऱ्या माउलीस एक रात्र झोपू द्यावे. कै. आगरकरांच्या व यशोदाबाईंच्या स्मृतीस आपल्या कुटुंबांकडून हेच खरे अभिवादन ठरेल.